नुसत्या बॉडीचं वजन धरू नका
‘अलेक्सा मिनी या सिने कॅमेऱ्याची बॉडी 2.3 किलो, आरएस 3 प्रो हा गिंबल (मोटरच्या जोरावर कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) 4.5 किलो पेलतो, म्हणजे भागेल’ असं कुणी म्हटलं, तर ते गणित पटत नाही. लेन्स, मॅट बॉक्स (लेन्सपुढची, फिल्टर धरणारी आणि नको तो प्रकाश अडवणारी चौकट), फॉलो फोकसची म्हणजे फोकस फिरवणारी मोटर, व्ही-माउंट बॅटरी, चित्र मॉनिटरकडे पाठवणारा ट्रान्समीटर, कॅमेरा बसवायची प्लेट असं सगळं चढवून काट्यावर ठेवा. सिने झूम लेन्स लावलीत तर साडेचार किलो सहज ओलांडतं. मग 13.6 किलो पेलणारा मोठा गिंबल, रोनिन 2 बघा.

वाऱ्याचा मुद्दा मात्र राहिलाच. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर खाडीचा वारा मॅट बॉक्समध्ये शिडासारखा भरतो. गिंबलची मोटर आधीच क्षमतेच्या काठावर असेल तर फ्रेम थरथरते. स्टेडीकॅमला (अंगावर बांधायचा, वजनाच्या तोलावर चालणारा स्टॅबिलायझर) तर मोटरचा आधारही नसतो, तो वाऱ्याने सरळ वळतो. मिनीत एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) आतच आहे, तेव्हा तिथे मॅट बॉक्स खुशाल काढा. आणि बॅलन्स मोटर बंद ठेवूनच करा: लेन्स 45 अंश वर करून सोडा, जागची हलली नाही तरच पुढे ऑटो-ट्यून (गिंबल मोटरचा जोर आपणच जुळवून घेतो ती सोय).