मदत हवी आहे: बाबांच्या फुप्फुसात बेरियम गेलंय
काल बाबांची बेरियम स्वॉलो तपासणी होती (एक्स-रेत दिसणारं बेरियमचं पांढरं मिश्रण पाजून गिळणं स्क्रीनवर पाहतात ती). पक्षाघातानंतर पाणी पितानाही ठसका लागतो, म्हणून. दुसऱ्याच घोटाला उबळ आली, ओठांवर खडूसारखा पांढरा फेस, आणि स्क्रीनवर उजव्या फुप्फुसाकडे उतरणारी रेघ मी स्वतः पाहिली. तंत्रज्ञांनी लगेच थांबवलं, बाबांना पुढे वाकवून खोकायला लावलं, सक्शन केलं. ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला नाही. एक्स-रेत मात्र खाली पांढरे ठिपके आहेत.

डॉक्टर म्हणाले, बेरियम सल्फेट विरघळत नाही, थोडं असेल तर बरंचसं खोकल्यावाटे निघतं. छातीची फिजिओथेरपी करा, ताप आला किंवा धाप लागली तर लगेच या. अँटिबायोटिक दिलेलं नाही. पटलं, तरी रात्रभर मी त्यांचे श्वास मोजत बसलो.

कुणाच्या घरी असं झालंय का? ठिपके किती दिवस दिसत राहिले, पुन्हा एक्स-रे कधी काढलात? पुढची तपासणी बेरियमऐवजी आयोहेक्सॉल (एक्स-रेत दिसणारं आयोडीनयुक्त द्रावण) वापरून करू म्हणतात. गॅस्ट्रोग्राफिन (तसंच दुसरं द्रावण) नको, ते फुप्फुसात गेलं तर पाणी साचू शकतं, एवढं समजलंय. आयोहेक्सॉलचा अनुभव असेल तर सांगा. घरगुती काढे कृपया सुचवू नका, सध्या तोंडाने पाणीही बंद आहे.