मदत हवी आहे: घरच्या वाय-फायला आणि कॉम्प्युटरला फायरवॉल नेमकी कुठे लावायची?

दारवठा

घरातली जोडणी अशी आहे. सेवादात्याने दिलेला फायबरचा राउटर बाहेरच्या खोलीत, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. आत रेंज पोचत नाही म्हणून त्यातून केबल ओढून आतल्या खोलीत दुसरा राउटर लावला आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.०.१. दोन्हींचे वाय-फाय चालू आहे, नावे वेगवेगळी.

बाहेरच्या राउटरवर दोन कॅमेरे, टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन. आतल्या राउटरवर विंडोज ११ चा लॅपटॉप, उबुंटूचा डेस्कटॉप आणि प्रिंटर. घरातले फोन जिथे रेंज मिळेल तिथे जोडले जातात.

तीन गोष्टी खटकतात. पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावर ५५४ क्रमांकाचे पोर्ट उघडे दिसते, पण ते मी कधीच उघडलेले नाही. लॅपटॉपवरच्या अँटिव्हायरसची मुदत संपल्यावर तो काढून टाकला, तेव्हापासून विंडोजची फायरवॉल बंद दिसते. आणि वाय-फायचा पासवर्ड राउटरच्या खाली छापलेला होता तोच अजून आहे.

वेगळे फायरवॉल यंत्र विकत घ्यावे का? की आहे त्यातच काम भागेल? कोणत्या क्रमाने काय करायचे ते सांगा.

उंबरठा

यंत्र घेऊ नका. तुमच्या घरात फायरवॉल, म्हणजे न मागवलेल्या जोडण्या अडवणारी राखण, आधीच चार ठिकाणी आहे: दोन राउटर आणि दोन कॉम्प्युटर. प्रश्न त्या नीट लावण्याचा आहे.

सुरुवात ५५४ पासून करा. पोर्ट म्हणजे जोडणी आत येण्याचा क्रमांकित दरवाजा. हे आरटीएसपीचे पोर्ट आहे, म्हणजे कॅमेऱ्याचे थेट चित्र पाठवण्याचे. तुम्ही उघडले नसेल तर कॅमेऱ्याने यूपीएनपी वापरून राउटरकडून ते उघडून घेतले असणार. यूपीएनपीमध्ये घरातले कोणतेही यंत्र राउटरला 'बाहेरून या पोर्टवर येणारे माझ्याकडे पाठव' असे सांगू शकते आणि राउटर पासवर्ड न विचारता ते मान्य करतो. कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर घरातले दृश्य कोणालाही दिसू शकते. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः असे मूळ पासवर्ड वापरूनच.

म्हणून आजच्या आज हे करा:

१. बाहेरच्या राउटरच्या पानावर जा. यूपीएनपीच्या यादीत कोणती पोर्टे कोणत्या पत्त्याला जोडली आहेत ते लिहून घ्या, मग यूपीएनपी बंद करा. काही राउटरांमध्ये जुन्या नोंदी लगेच जात नाहीत, म्हणून राउटर एकदा बंद करून चालू करा.
२. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणे) आणि डीएमझेड ही दोन्ही पाने पाहा. डीएमझेडमध्ये एखाद्या यंत्राचा पत्ता असेल तर त्याची सगळीच पोर्टे बाहेरून उघडी असतात.
३. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने राउटरचे पान उघडण्याची सोय, बंद करा.
४. राउटरचा प्रशासक पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा.
५. डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांचे, पत्ते तपासा. तिथे अनोळखी पत्ता दिसला तर राउटर कारखाना-स्थितीला नेऊन सगळे नव्याने भरा. पण त्याआधी इंटरनेट जोडणीचे नाव-पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक वगैरे टिपून ठेवा, नाहीतर जोडणीच परत येणार नाही.
६. फर्मवेअर, म्हणजे राउटरमधले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करा.

आतला राउटर मात्र मी ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवणारे यंत्र, म्हणून चालवला असता. सध्या तुमच्याकडे दुहेरी नॅट आहे, म्हणजे दोन्ही राउटर आपापल्या मागची यंत्रे एकाच पत्त्याआड ठेवतात. आतल्या राउटरचे डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करून, पत्ता १९२.१६८.१.२ देऊन, केबल वॅन (इंटरनेटच्या) खाचेऐवजी लॅन (घरातल्या जोडणीच्या) खाचेत लावली की सगळे घर एका जाळ्यात येते.

गवाक्ष

उंबरठा यांच्या सहाही पायऱ्या बरोबर, पण शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही.

दारवठा यांची आत्ताची मांडणी नकळत का होईना चांगली आहे. सर्वांत कच्ची यंत्रे, म्हणजे कॅमेरे आणि टीव्ही, बाहेरच्या जाळ्यात आहेत आणि कॉम्प्युटर आतल्या राउटरच्या मागे. आतला राउटर बाहेरच्या जाळ्याकडेही इंटरनेटसारखेच पाहतो, म्हणजे आतून मागवले नसेल ते आत सोडत नाही. त्यामुळे कॅमेरा कोणाच्या ताब्यात गेला तरी त्याला लॅपटॉपशी थेट जोडणी करता येत नाही. ॲक्सेस पॉइंट केला की ही भिंत जाते. 'मग पाहुण्यांचे जाळे वापरू' म्हणाल, तर ॲक्सेस पॉइंट म्हणून चाललेल्या बऱ्याच घरगुती राउटरांवर पाहुण्यांचे जाळे मुख्य जाळ्यापासून खरोखर वेगळे राहत नाही.

दुहेरी नॅटचे तोटे आहेतच. फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवताना दोन्ही एका जाळ्यात लागतात, काही खेळ कुरकुरतात, आणि आतल्या यंत्राकडे पोर्ट न्यायचे तर दोन्ही राउटरांवर फॉरवर्ड करावे लागते. शिवाय भिंत एकाच दिशेची आहे: आतला कॉम्प्युटर बिघडला तर तो कॅमेऱ्यांपर्यंत पोचू शकतो. तरी तुमच्या गरजेला हे चालेल. यूपीएनपी आतल्या राउटरवरही बंद करा, घरातले फोन कायमचे आतल्या वाय-फायवर आणा आणि फोनमधून बाहेरचे नाव विसरायला लावा.

आता वाय-फायबद्दल.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ किंवा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' ठेवा. जुना प्रिंटर मिश्र प्रकारात जोडला जात नसेल तर 'डब्ल्यूपीए२, एईएस' ठेवा. टीकेआयपी ही जुनी, कमकुवत पद्धत कुठेही नको. डब्ल्यूईपी असेल तर ते कुलूपच नाही, २००१ पासून ते फोडता येते.

डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण हवेतून टिपता येते आणि मग घरी बसून, तुमच्या राउटरला हातही न लावता, कितीही पासवर्ड ताडून पाहता येतात. म्हणून लांबी महत्त्वाची. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द रोमन लिपीत जोडा, वीसच्या वर अक्षरे होऊ द्या. छापील पासवर्ड बदलाच, कारण तो घरात येणाऱ्या कोणालाही वाचता येतो. दोन्ही राउटरांना वेगळा पासवर्ड द्या, नाहीतर पाहुण्यांना दिलेला पासवर्ड आतही चालेल.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी असतो, पण शेवटचा अंक पडताळणीचा आणि उरलेले सात दोन तुकड्यांत वेगवेगळे तपासले जातात, पहिले चार आणि मग तीन. त्यामुळे १ कोटीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न लागतात. ही खोट २०११ मध्ये उघड झाली.

नाव लपवणे आणि मॅक पत्त्यांची (प्रत्येक यंत्राच्या जाळ्यातल्या ओळख क्रमांकांची) यादी करणे यांत वेळ घालवू नका. लपवलेले नाव एखादा फोन जोडला जाताना हवेत उघडच जाते आणि मॅक पत्ता प्रत्येक पॅकेटवर कूटबद्ध न होता असतो, तो पाहून नक्कल करता येते. शिवाय आजचे फोन प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे यादीचा त्रास घरच्यांनाच जास्त होतो.

निळी_शाई

कॉम्प्युटरचे मी सांगते.

विंडोज: दुसऱ्या कंपनीची फायरवॉल बसली की विंडोजची आपोआप बाजूला होते. ती अर्धवट निघाली तर विंडोजला ती अजून आहे असेच वाटत राहते. म्हणून त्या कंपनीचे स्वतंत्र 'काढून टाकण्याचे साधन' चालवा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, मग विंडोज सिक्युरिटीमध्ये फायरवॉलच्या पानावर डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्ही प्रोफाइलांत (जाळ्याच्या प्रकारानुसारच्या नियमसंचांत) ती चालू आहे का पाहा. नसतील तर रन खिडकीत 'डब्ल्यूएफ.एमएससी' टाका. तिथे आधी एक्स्पोर्ट पॉलिसीने आताचे नियम फाइलमध्ये ठेवा आणि मग रिस्टोअर डिफॉल्ट पॉलिसी करा. मूळ धोरण सोपे आहे: बाहेरून येणारे नियम असल्याशिवाय बंद, आतून जाणारे चालू.

एक जागा नेहमी फसवते. एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा पोर्टावर येणाऱ्या जोडण्यांची वाट पाहायला बसतो तेव्हा परवानगीची खिडकी येते. तिथे 'रद्द' केले की विंडोज गप्प बसत नाही, त्या प्रोग्रॅमसाठी 'रोखा' असा नियम लिहून ठेवते. पुढे तुम्ही 'परवानगी' चा नियम केला तरी चालत नाही, कारण रोखणारा नियम वरचढ असतो. आधी तो लाल खुणेचा नियम शोधून काढावा लागतो.

घराबाहेरच्या सगळ्या वाय-फायसाठी प्रोफाइल पब्लिक ठेवा.

उबुंटू: यूएफडब्ल्यू ही फायरवॉल आधीच बसवलेली असते, पण बंद असते. टर्मिनलमध्ये या क्रमाने (आज्ञा रोमन लिपीत टंकायच्या):

सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग
सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट अलाउ आउटगोइंग
सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.०.०/२४ टू एनी पोर्ट २२ प्रोटो टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

तिसरी ओळ फक्त लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून टर्मिनल वापरण्याच्या सोयीने) डेस्कटॉप उघडत असाल तरच. पण उघडत असाल तर ती चौथीच्या आधी हवी, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल. शेवटी 'स्टेटस व्हर्बोज' ने तपासा. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) वापरत असाल तर सावध राहा: त्याने प्रसिद्ध केलेली पोर्टे यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. ती १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच कॉम्प्युटरपुरती, बांधा.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून मुद्दाम. आयपीव्ही४ मध्ये नॅटमुळे आपोआप मिळणारा आडोसा आयपीव्ही६ मध्ये नसतो, प्रत्येक यंत्राला जगभर पोचणारा पत्ता मिळतो. तिथे राखण फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलची. गवाक्ष म्हणतात ती आतली भिंतही आयपीव्ही६ साठी गृहीत धरू नका. दोन्ही राउटरांवर ते पान शोधून 'बाहेरून येणारे नाकारा' आहे याची खात्री करा. आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ मधले अडचणींचे निरोप नेणारी पद्धत) मात्र सरसकट रोखू नका. 'पॅकेट फार मोठे' हा निरोप त्यातूनच येतो, तो अडला की काही संकेतस्थळे अर्धी उघडून लटकतात.

दारवठा

तिघांचेही आभार. दुसरा राउटर आहे तसाच ठेवला. यूपीएनपी आणि डब्ल्यूपीएस दोन्हीकडे बंद, पासवर्ड बदलले, विंडोजच्या तिन्ही फायरवॉल चालू, उबुंटूवर यूएफडब्ल्यू चालू. ५५४ आता दिसत नाही.

पण दोन कोडी आहेत. पोर्ट बंद असूनही मोबाइल डेटावरून कॅमेऱ्याचे ॲप चालतेच आहे. मग नेमके काय बंद झाले? आणि लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. लॅपटॉपचे प्रोफाइल घरीही पब्लिकच केले आहे.

निळी_शाई

प्रिंटरचे कारण तेच प्रोफाइल. पब्लिकमध्ये जाळ्यातली यंत्रे शोधण्याची सोय बंद असते, म्हणून डब्ल्यूएसडी पोर्टाने, म्हणजे आपोआप शोधून, जोडलेला प्रिंटर हरवतो. आतले वाय-फाय फक्त घरच्यांसाठी आहे, तेव्हा तिथे प्रायव्हेट ठेवले तरी चालेल. पब्लिकच ठेवायचे असेल तर आतल्या राउटरवर प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.०.५०, आणि प्रिंटर 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' म्हणून त्या पत्त्याने नव्याने जोडा. छपाई लॅपटॉपकडून ९१०० पोर्टावर जाते, आणि जाणारे रोखलेलेच नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या वेब पानालाही पासवर्ड घाला, ते बहुधा उघडे असते.

उंबरठा

कॅमेऱ्याचे. आधी जगातला कोणीही थेट तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत येऊ शकत होता. ते बंद झाले. आता कॅमेरा स्वतः आतून बाहेर, कंपनीच्या सर्व्हरकडे जोडणी करून ठेवतो आणि तुमचे ॲप बहुधा त्या सर्व्हरमार्फत चित्र घेते. आतून सुरू झालेल्या जोडणीची उत्तरे राउटरची फायरवॉल आत सोडते, सोडलीच पाहिजेत, नाहीतर एकही पान उघडणार नाही. म्हणजे आता सगळी मदार त्या खात्याच्या पासवर्डवर आहे. तो वेगळा आणि लांब ठेवा, दुहेरी पडताळणी असेल तर चालू करा आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्डही बदला.

कंपनीचा सर्व्हर नकोच असेल तर बाहेरच्या राउटरवर कॅमेऱ्यांचे इंटरनेट बंद करा (बहुतेक राउटरांत पालक-नियंत्रणाच्या पानावर होते) आणि राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हरची (बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याच्या कूटबद्ध वाटेची) सोय असल्यास वायरगार्ड हा त्याचा प्रकार लावा. त्यासाठी यूडीपीचे एकच पोर्ट, बहुधा ५१८२०, उघडावे लागते आणि योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. तोटा असा की इंटरनेट तोडल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ चुकू लागते आणि फोनवरच्या सूचना बंद होतात.

दारवठा

प्रिंटर चालू झाला. राउटरला वायरगार्डची सोय नाही, म्हणून खात्याला दुहेरी पडताळणी लावली. शेवटचे: सगळे खरेच बंद आहे हे बाहेरून कसे तपासू?

गवाक्ष

स्वतःच्या वाय-फायवरून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्याची तपासणी करू नका. ती विनंती राउटर आतूनच वळवतो आणि निकाल चुकीचा येतो. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या, फोन मोबाइल डेटावर ठेवा आणि एनमॅप हा पोर्टे तपासणारा प्रोग्रॅम घरच्या सार्वजनिक पत्त्यावर '-पीएन -पी-' या पर्यायांसह चालवा. सगळी ६५,५३५ पोर्टे तपासायला बराच वेळ लागतो, थांबा. 'फिल्टर्ड' (उत्तरच नाही) आणि 'क्लोज्ड' (बंद) दोन्ही ठीक, 'ओपन' (उघडे) दिसले तरच शोध घ्या. ७५४७ उघडे दिसले तर ते सेवादात्याच्या दूरस्थ देखभालीचे असते, बंद करण्याची विनंती त्यांच्याकडेच करावी लागते. मग डेस्कटॉपचा आयपीव्ही६ पत्ता घेऊन '-६' लावून पुन्हा तपासा, मात्र मोबाइल जोडणीवर आयपीव्ही६ असायला हवे.

फर्मवेअर अद्ययावत झाले की यूपीएनपी आणि डब्ल्यूपीएसची पाने पुन्हा उघडून पाहा. काही राउटर अपडेटनंतर ही दोन्ही परत चालू करतात.