रविवारच्या सहभोजनाचा प्रस्ताव आणि एकट्याने जेवणारे आम्ही

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. आपल्या इमारतीतील काही ज्येष्ठ सभासद एकटे राहतात आणि त्यांपैकी काहींना हॉटेलात एकट्यानेच जेवताना पाहिल्याचे दोघा-तिघांनी कळवले आहे. कोणावरही अशी वेळ येऊ नये, यासाठी दर रविवारी दुपारी तळमजल्यावरील सभागृहात वर्गणी काढून सहभोजन ठेवावे, अशी सूचना आली आहे. मते कळवावीत.

बी ३०२: सचिवसाहेब, पाहिल्या गेलेल्यांत मी नक्कीच असणार. बुधवारी दुपारी मी माटुंग्याला जेवायला जाते. ती माझ्यावर आलेली वेळ नसून मी मुद्दाम काढलेली वेळ आहे. साठी उलटलेल्या अविवाहित बाईने एकटीने टेबल धरले की पाहणाऱ्याला तिची कीव तरी येते किंवा तिच्या मुलांचा राग तरी येतो, मग तिला मुले असोत वा नसोत. १९४२ पासून चालू असलेल्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे कुपन घ्यायचे, जी जागा रिकामी होईल तिथे बसायचे आणि समोर केळीचे पान आले की जेवायला लागायचे, इतकाच रिवाज आहे. शेजारी कधी बँकेतले गृहस्थ असतात, कधी कॉलेजची मुलगी. रसम वाढले जात असताना दोन शब्द झाले तर झाले, नाहीतर आपण आणि आपले पान. घरी एकटीसाठी दोन भाज्या, कोशिंबीर, सांबार आणि पापड असा स्वयंपाक कोण करत बसतो? जिना चढावा लागतो, एवढीच माझ्या गुडघ्यांची तक्रार आहे.

ए १०४: ताईंशी मी सहमत आहे. माझे वडील कुटुंब गावी ठेवून परळच्या गिरणीत नोकरीला होते आणि त्यांच्यासारखे हजारो पुरुष वर्षानुवर्षे खानावळीत जेवले. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे येथील जुन्या मंडळींना आठवत असेल. एकट्या माणसाला जेवू घालणे ही या शहराची जुनी सवय आहे. ती मोडली अलीकडच्या वातानुकूलित हॉटेलांनी, जिथे भाजीची एक प्लेट तिघांना पुरेल एवढी येते, हाफ प्लेट मिळत नाही, आणि रविवारी संध्याकाळी एकटे गेलो की हात धुण्याच्या बेसिनशेजारचे टेबल आपल्यासाठी राखून ठेवल्यासारखे पुढे केले जाते. तिथे मी जाणे सोडले आहे.

सी ५०१: काका, माझ्या आईचा अनुभव याहून वाईट आहे. निम्मे जेवण झाल्यावर ती हात धुवायला उठली आणि परत येईपर्यंत तिचे ताट उचलून टेबल पुसलेले होते, कारण खुर्चीवर दुसरे कोणी नाही म्हणजे गिऱ्हाईक गेले, असे वेटरने धरले. तेव्हापासून ती पार्सलच मागवते. ताई, यावर काही उपाय आहे का?

बी ३०२: आहे, आणि तो अगदी साधा आहे. उठण्यापूर्वी चष्म्याचे घर आणि घडी केलेले वर्तमानपत्र ताटाशेजारी ठेवावे आणि वेटरला नजर देऊन ‘मी येतेय’ असे स्पष्ट सांगावे. पर्स मात्र सोबतच न्यावी. शक्य तर साडेबाराच्या आत पोहोचावे, म्हणजे बाहेर रांग लावून उभ्या असलेल्या कुटुंबांच्या नजरा आपल्या रिकाम्या तीन खुर्च्यांवर खिळत नाहीत. मोबाइलवर स्कॅन करायचा मेनू नको असल्यास छापील कार्ड मागावे. बहुतेक ठिकाणी ते गल्ल्याखाली पडलेले असते. बिलात सेवाशुल्क लावले असेल, तर ते काढायला सांगण्यात संकोच बाळगू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते आपोआप लावण्यास मनाई केली असून मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आहे. टेबलावर आपल्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नसते, म्हणून हे ठाऊक असलेले बरे. वाद वाढल्यास १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

सचिव: सूचनेची भाषा चुकली, हे मान्य आहे. सहभोजन दर रविवारी न ठेवता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, आणि केवळ इच्छुकांसाठी ठेवावे, असा बदल सुचवतो.

ए १०४: दुसऱ्या रविवारी मी येईन. येत्या बुधवारी मात्र, ताईंची हरकत नसेल तर, मीही माटुंग्याला येतो; अर्थात वेगळ्या टेबलावर बसेन.

बी ३०२: कोणाला कुठे जागा मिळेल हे तिथे आपल्या हातात नसते. कुपन मात्र ज्याचे त्याने घ्यावे.