रेशन ठीक, पण पेन्शनचं काय?
वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत गुलामी संपल्यावर सरकारने फुकट रेशन दिलं, मग तक्रार कसली. अहो, १८६५ च्या फ्रीडमेन्स ब्युरोचं, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांना मदत करणाऱ्या सरकारी खात्याचं रेशन गरीब गोऱ्यांनाही मिळायचं, आणि पुढच्याच वर्षी ते बरंचसं आवरतं घेतलं. खरी रखडपट्टी पेन्शनची. नवरा यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या सरकारी फौजेत मेला, बायकोने अर्ज केला तर लग्नाचा पुरावा आणा, आता गुलामांचं लग्न कायदा मानतच नव्हता तर कागद येणार कुठून? मग १८६४ मध्ये कायदा बदलून साक्षीदार चालतील असं झालं, म्हणजे मळ्यावरचे जुने सोबती शोधा, बाळंतपण केलेली सुईण गाठा, प्रतिज्ञापत्रावर सहीच्या जागी फुली मारा. त्यात साक्षीदारच कधीकाळी विकला जाऊन दुसऱ्या राज्यात गेलेला असला की बसा हात चोळत.