चार नवे गायक-गीतकार, एक छोटा हॉल: साऊंडची मांडणी कशी करावी?

कोपऱ्यातला_माईक:
पुण्यात एका बंद हॉलमध्ये सत्तरेक श्रोत्यांसमोर चार नव्या कलाकारांची संध्याकाळ आहे. सगळी गाणी त्यांचीच. दोघे गिटारवर, एक पेटीवर, एक लॅपटॉपच्या ट्रॅकवर. प्रत्येकी २५ मिनिटं. दोन १० इंची पॉवर्ड स्पीकर, एक मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर), चार माईक-इनपुटांचा मिक्सर आहे. दोन कलाकारांमधला वेळ कसा वाचवायचा? लायसन्स लागतं का?

सहावी_तार:
चॅनेल कलाकारागणिक बदलू नका. १ वर गाणाऱ्याचा माईक, २ वर गिटारचा डीआय (गिटारचा सिग्नल मिक्सरच्या माईक-इनपुटाजोगा करणारी डबी), ३ वर पेटीचा माईक, ४ वर निवेदनाचा, लॅपटॉप स्टिरिओ चॅनेलवर. तारा रात्रभर तशाच राहतात, तुम्ही फक्त म्यूट काढता-घालता. पेटी आधीच बाजूला मांडून ठेवा. तिचा माईक भात्याकडून नको, हवेचा फसफस आवाज येतो.

साऊंडचेक उलट्या क्रमानं घ्या. शेवटचा कलाकार आधी, पहिला शेवटी, म्हणजे दारं उघडताना पहिल्याचंच सेटिंग मिक्सरवर असतं. बाकीच्यांच्या नॉबचे फोटो काढून ठेवा.

गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) असेल तर साधा पॅसिव्ह डीआय पुरतो. नुसता पिझो पिकअप (तारांची कंपनं टिपणारी पट्टी) असेल तर अ‍ॅक्टिव्ह घ्या, नाहीतर आवाज पातळ आणि खर्जाविना येतो. अ‍ॅक्टिव्हला वीज लागते, बहुधा ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे मिक्सरनं माईकच्या तारेतून दिलेली. छोट्या मिक्सरवर फँटमचं बटण बहुधा सगळ्या चॅनेलना एकच असतं, तेव्हा दाबण्याआधी मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली, नाहीतर स्पीकरमधून ‘धप्प’. एक नवी ९ व्होल्टची बॅटरी खिशात असूच द्या.

घुमारा:
वरच्याशी सहमत, पण कार्यक्रम बिघडतो तो मॉनिटरपायी. एसएम५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो; मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. सुपरकार्डिऑइड (आणखी अरुंद, पण ऐन पाठीमागून थोडं ऐकणारा) असेल तर मॉनिटर तिरपा, बाजूला सरकवून. मॉनिटरचा ऑक्स (मिक्सरमधून मॉनिटरकडे जाणारी वेगळी वाट) प्री-फेडर, म्हणजे चॅनेलच्या आवाजाच्या दांडीआधीच फुटणारा हवा, म्हणजे हॉलचा आवाज वर-खाली केला तरी गाणाऱ्याला ऐकू येणारं बदलत नाही.

गिटार घुमायला लागली की लोक आधी ट्रेबल कापतात, ते चूक. तो घुमारा बहुतेक वेळा १०० ते २५० हर्ट्झमध्ये, गिटारच्या पेटाऱ्याचा असतो. तिथं कापा, किंवा साऊंडहोलला रबरी झाकण लावा. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

कोपऱ्यातला_माईक:
लॅपटॉपला चार्जर लावला की गुणगुण येते. शिवाय एका ट्रॅकमधला आवाजच गायब होतो!

सहावी_तार:
गुणगुण असेल तर, लॅपटॉप डीआयमधून घेत असाल तर त्यावरचा ग्राउंड लिफ्ट (तारेतली अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण) दाबा, किंवा २५ मिनिटं बॅटरीवर चालवा. भिंतीतल्या प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही काढू नका, शॉक बसेल.

आवाज जातोय कारण हेडफोनची स्टिरिओ वायर थेट मोनो बॅलन्स्ड इनपुटमध्ये (दोन तारांमधला फरकच घेणाऱ्या) घातली असणार. मग डावं-उजवं एकमेकांतून वजा होतं आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं. दोन जॅक फुटणारी वायर घ्या, डावं-उजवं वेगळं लावा.

परवाना_पाहून:
‘माझंच गाणं’ एवढ्यानं भागत नाही. गीतकार-संगीतकार आयपीआरएसचा (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) सभासद असेल तर सादरीकरणाचे हक्क संस्थेकडे असतात, म्हणून चौघांना आधी विचारा. मध्यंतरात वाजणाऱ्या रेकॉर्डिंगचे हक्क निराळे; तिथं याच कलाकारांची स्वतःची रेकॉर्डिंग लावा. तिकीट लावणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. रात्री १० नंतरच्या ध्वनिक्षेपकबंदीतून बंद सभागृहाला सूट आहे, पण दार उघडं ठेवून ती मागू नका. साडेसहाला सुरू केलंत, तर बदलाला प्रत्येकी ७ मिनिटं आणि १५ मिनिटांचं मध्यंतर धरूनही पावणेनऊच्या सुमारास आटपतं.