फॅटी लिव्हरसाठी रोज एनएसी? माझा विरोध आहे

सह्यकडा:
सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आलं की हल्ली जो तो सांगतो, एनएसी चालू कर. म्हणजे एन-ॲसिटिल सिस्टीन, सिस्टीन या ॲमिनो ॲसिडचंच एक रूप. युक्तिवाद असा की लिव्हरमधलं मुख्य अँटिऑक्सिडंट ग्लुटाथायोन हे सिस्टीन, ग्लुटामेट आणि ग्लायसिन या तिघांचं बनतं, त्यात कमी पडतं ते सिस्टीन, मग ते वरून दिलं की काम झालं. ऐकायला पटतं, पण दोन वेळचं नीट जेवणाऱ्या माणसाने ही गोळी स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

निशिगंधा:
अजिबात पटलं नाही. मी कॅज्युअल्टीला नर्स आहे, पॅरासिटामॉल जास्त घेतलेली पोरं येतात तेव्हा आम्ही हेच लावतो, आधी किलोमागे 150 मिलिग्रॅम, मग हळूहळू 21 तासांत मिळून 300. व्हायल फोडली की सडक्या अंड्याचा वास येतो, ते त्यातलं गंधक. पॅरासिटामॉलपासून जो विषारी पदार्थ बनतो त्याला ग्लुटाथायोन धरून निकामी करतं आणि साठा संपला की पेशी मरायला लागतात. पहिल्या 8 तासांत एनएसी सुरू झालं तर लिव्हर जवळपास नेहमीच वाचतं. एवढं सिद्ध झालेलं औषध आणि तुम्ही त्याला विरोध करताय?

सह्यकडा:
ताई, त्या औषधाला विरोध नाहीच, तिथे ते दिलंच पाहिजे. पण तिथे साठा काही तासांत रिकामा होतो. फॅटी लिव्हरमधली चरबी वर्षानुवर्षं साचते, मूळ कारण वजन, साखर, इन्सुलिन नीट काम न करणं. वजन 7 ते 10 टक्के उतरलं तर लिव्हरची सूजसुद्धा कमी होते, हे माणसांवर दिसलंय.

वऱ्हाडी_पाटील:
अन दारूवाल्यांचं काय भाऊ? फ्रान्समध्ये दारूमुळे लिव्हरला भयंकर सूज आलेल्या 174 पेशंटवर ट्रायल झाली, 2011 साली छापून आली. स्टिरॉइडसोबत 5 दिवस सलाईनमधून एनएसी दिलं तर महिन्याभरात मृत्यू 8 टक्के, नुसत्या स्टिरॉइडवर 24. हे काही कमी नाही!

सह्यकडा:
पुढचंही सांगा ना पाटील. 6 महिन्यांनी 27 विरुद्ध 38, आणि तो फरक संख्याशास्त्रात टिकला नाही. शिवाय ते हॉस्पिटलात ॲडमिट पेशंट होते, सकाळी ग्लासात गोळी फसफसवून ऑफिसला जाणारे नव्हते. लिव्हरसाठी म्हणून पावडरीत मिळणाऱ्या टॉरिन, ग्लायसिन, बीटेन यांच्या नावाने जे फिरतं त्यातलं बरंचसं तर उंदरांवरचं आहे, कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी रसायन देऊन लिव्हर बिघडवायचं आणि आधी पावडर दिली होती म्हणून कमी बिघडलं म्हणायचं. आपण कुठे कार्बन टेट्राक्लोराइड पितो? आणि 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की फुप्फुसात गाठी असलेल्या उंदरांना एनएसी किंवा ई व्हिटॅमिन दिलं तर गाठी जोरात वाढल्या.

निशिगंधा:
ते पण उंदीरच की!

सह्यकडा:
हो, पण मग दोन्ही उंदरांना एकच न्याय लावा. लिव्हरचे उंदीर चालतात आणि गाठींचे चालत नाहीत असं कसं?

तिळाची_वडी:
ताटातलं कुणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते. सिस्टीन आपलं शरीर मेथिओनिन या दुसऱ्या ॲमिनो ॲसिडपासून बनवतं. डाळीत मेथिओनिन जरा कमी असतं, धान्यात बरं, तिळात भरपूर, अंड्यात दोन्ही उत्तम. वरण-भात, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, एखादं अंडं, एवढं पोटात जात असेल तर सिस्टीन कुठून कमी पडणार?

निशिगंधा:
पोटात जात असेल तर ना. माझ्याकडे येणारा दारूडा माणूस चार-चार दिवस जेवलेला नसतो, त्याचं ग्लुटाथायोन आधीच तळाला असतं, म्हणून पॅरासिटामॉलही त्याला लवकर बाधतं. अशांना डॉक्टरांनी एनएसी लिहून दिलं तर हा धागा वाचून बंद करू नका, एवढंच माझं म्हणणं.

सह्यकडा:
हे शंभर टक्के मान्य. आणि मनाने घेणाऱ्यांनी निदान ती स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा, "चालू औषधं कोणती" विचारल्यावर लोक बीपीची गोळी सांगतात, पावडरचा डबा सांगतच नाहीत.