शेहेचाळिशीत गिटार: सरांना घरी बोलवावं का?

प्रश्न: मानपाड्याला राहतो. नौपाड्यात क्लासला जायचं तर तास ट्रॅफिकमध्येच जातो, म्हणून रविवारी सरांना घरी बोलवायचा विचार आहे. भाच्याची जुनी, स्टीलच्या तारांची गिटार आहे. दोन दिवस नुसती छेडली तर बोटांवर वळ! ही म्हणते, "भांडी घासताना बरं काही होत नाही." नायलॉनवाली घेऊ का?

उत्तर १: घाई नको. तारा गिटारच्या दांड्यापासून किती वर आहेत ते बघून घ्या; उंची जास्त असली की जोरात दाबावं लागतं आणि बोटं दुखतात. पावसाळ्यात लाकूड फुगून ती वाढते. आणि या गिटारवरच नायलॉनच्या तारा चढवू नका, ब्रिज (खाली तारा अडकवायची पट्टी) वेगळा असतो.

उत्तर २: तीन महिन्यांची फी एकदम देऊ नका. मी नेरुळला दिली, सर चौथ्या रविवारी गायब! रोज पंधरा मिनिटं ई मायनर, ए मायनर हे सोपे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) करा. अवघड एफ कॉर्डला नंतर घाबरा.

प्रश्नकर्ता: मोजलं. बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) जाड तार चांगली चार मिलिमीटर वर आहे! हिला लगेच दाखवलं.